पंचविशीत फासावर गेला मोलमपल्लीचा बाबूराव

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा म्हणजे आपल्या कामाची नुसती धांदल. गडचांदूर-कोरपन्याकडे सोयाबीन मळणीवर असतं, कपाशी फुटायला लागलेली असते, घरोघरी सीतादहीची तयारी चालू असते. तिकडे मूल, चामोर्शी, अहेरीकडे हलका धान कापणीला आलेला असतो. मान वर करायला कोणाला फुरसत नसते. तरीही २१ ऑक्टोबरला खेड्यापाड्यांतून माणसं चंद्रपूरला जातात. तिथल्या कारागृहाच्या आवारात एक पिंपळ आहे. त्या पिंपळापाशी हात जोडतात, फुलं वाहतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा विळा हातात घेतात.

१८५८ साली याच दिवशी मोलमपल्लीच्या बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांना चांद्याच्या जेलमध्ये फाशी देण्यात आलं. वय पंचवीस वर्षं, सात महिने.

मागे माणिकगडच्या पहाडावरच्या एका गावी बोंडअळीची सभा घ्यायला गेलो होतो. सभा आटोपल्यावर चहा घेताना एका कॉलेजच्या पोट्ट्यानं विचारलं, साहेब, बाबूरावचा फोटो आमच्या घरात आहे, पण त्यानं नेमकं केलं काय? मी गावकऱ्यांकडे पाहिलं, गावकऱ्यांनी पोलीस पाटलांकडे पाहिलं, पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. नाव सगळ्यांना माहीत, हकीकत कोणालाच धड सांगता येईना. मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून जुन्या गॅझेटियरमध्ये जे आहे ते वाचलं, म्हाताऱ्या माणसांकडून जे ऐकायला मिळालं ते ऐकलं. त्यातलं पक्कं वाटलं तेवढं आज मांडतो.

मुलूख कसा होता

चांदा ही गोंड राजांची राजधानी. १७५१ मध्ये ती नागपूरकर भोसल्यांकडे गेली. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी पुत्र नाही, एवढं निमित्त साधून कंपनी सरकारनं पुढच्या वर्षी नागपूरचं राज्य खालसा केलं आणि त्यासोबत चांदाही गेला. १८५४ च्या अखेरीस चांद्यात पहिला इंग्रज डेप्युटी कमिशनर येऊन बसला.

जंगलाचा मुलूख जमीनदारांकडे असायचा. अहेरी सगळ्यात मोठी, बाकी मोलमपल्ली, अडपल्ली, घोट अशा लहान-मोठ्या जमीनदाऱ्या. जमीनदारानं टाकोळी भरायची, गरज पडली तर माणसं घेऊन मदतीला जायचं, आणि बाकी कारभार आपल्या रिवाजानं करायचा अशी ही जुनी पद्धत. मोह कोणी वेचायचा, बांबू कुठून तोडायचा, नवी बांधी कुठे काढायची, हे गाव ठरवत असे. त्यासाठी कोणाच्या कचेरीत अर्ज द्यावा लागत नव्हता. नवं सरकार आलं ते मोजणी, कागद आणि कचेरी घेऊन. कालपर्यंत जे आपलं होतं ते उद्या आपलं राहील का, ही धास्ती तेव्हाच सुरू झाली.

एक गोष्ट आपल्या भागातल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. राजुरा, कोरपना, जिवती हा आपला पट्टा त्या काळी चांद्यात नव्हताच. वर्धा नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि निजाम कंपनीचा दोस्त होता. म्हणजे बाबूरावच्या एका अंगाला इंग्रज आणि दुसऱ्या अंगाला इंग्रजांचा मित्र, अशी अवस्था.

जंगोम दल

बाबूराव यांचा जन्म १२ मार्च १८३३ चा. गाव अहेरी भागातलं किष्टापूर, जमीनदारी मोलमपल्लीची. वडील पुल्लेसूर बापू, आई जुर्जाकुंवर. घराणं राजगोंड. पोरगा तिरकामठा आणि तलवार चालवण्यात तरबेज होता. गोंडी घरचीच, शिवाय तेलुगू आणि हिंदी येत होती, रायपूरला जाऊन थोडी इंग्रजीही शिकला, असं सांगतात. राजकुंवर यांच्याशी लग्न झालं.

१८५७ च्या मे महिन्यात उत्तरेकडे मेरठ, दिल्ली पेटली. ती बातमी जंगलातही पोचली. इथं ना छावणी होती, ना बंड करायला पलटण. जे करायचं ते गावच्या पोरांनाच घेऊन करावं लागणार होतं. २४ सप्टेंबर १८५७ ला बाबूरावांनी जंगोम दल उभं केलं. सुमारे पाचशे गोंड, माडिया तरुण त्यात होते. पुढे रोहिलेही सामील झाले.

इथं मी शेतकी खात्याचा माणूस म्हणून एक हिशेब मांडतो. पाचशे जवान म्हणजे पाचशे घरांचा धरता हात. सप्टेंबरच्या शेवटी धान निसवत असतो, पुढे कापणी, बांधणी, पुंजणे, मळणी. ही कामं कोणी केली असतील? बायकांनी, म्हाताऱ्यांनी, लहान पोरांनी. हे कुठल्या सरकारी कागदात लिहिलेलं नाही. पण ज्यानं एक हंगाम गडी नसताना काढला आहे, त्याला ते सांगायची गरज नाही. लढाई पुढं लढली जाते, तिचा भार मागं गावात उचलला जातो.

त्रेपन्न दिवस

७ मार्च १८५८ ला बाबूरावांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. कंपनीच्या बाजूनं तिथला कारभार पाहणारा गेडाम त्यात मारला गेला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यानं लगेच फौज धाडली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला गाठ पडली आणि कंपनीच्या फौजेला मागं फिरावं लागलं. आदल्याच दिवशी बाबूरावांना पंचविसावं वर्ष पूर्ण झालं होतं.

या विजयानंतर अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले आणि बळ वाढलं. गढीसुर्ल्याच्या डोंगराची गोष्ट अजून म्हातारी माणसं सांगतात. खालून फौजेनं वेढा दिला, वरून दगडधोंडे लोटून पोरांनी तो मोडला. पुढे १९ एप्रिलला सगणापूर आणि २७ एप्रिलला बामनपेठ इथं पुन्हा लढाई झाली.

तारखा नीट पाहा. मार्च आणि एप्रिल. धान घरात आलेला, मोहफूल पडायला लागलेलं, नदीनाल्यांना उतार, खरिपाला अजून दोन महिने. जंगलातल्या माणसाला घराबाहेर पडता येतं ते याच दिवसांत. माझा अंदाज असा, की बाबूरावांनी लढाईचा मोसम शेतकऱ्याच्या पंचांगावरून धरला होता. त्याच्याकडे खजिना नव्हता, पगारी फौज नव्हती. ज्याच्या घरी खायला आहे आणि शेतावर काम नाही, असाच शिपाई त्याला मिळणार होता. पण याच दिवसांत जंगलाचा पाला गळून जातो, रान उघडं पडतं, आणि फौजेला दूरवर दिसतं. म्हणजे जे दिवस सोयीचे, तेच धोक्याचेही. त्या दोहोंच्या मध्ये हा पंचविशीचा जवान हालचाल करत होता.

चिंचगुडीची छावणी

२९ एप्रिल १८५८ ला बाबूराव आणि व्यंकटराव यांच्या माणसांनी प्राणहिता नदीवरच्या चिंचगुडी इथल्या छावणीवर हल्ला केला. ही छावणी तारायंत्राच्या कामावरची होती. गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज तिथं मारले गेले. पीटर नावाचा तिसरा माणूस निसटून क्रिक्टनपर्यंत पोचला.

तारायंत्रावर हल्ला कशासाठी, असं कोणी विचारेल. त्या काळी फौजेच्या आधी बातमी पळायची ती तारेवरून. तार तुटली म्हणजे चांद्याचं काय चाललं ते दूरच्या साहेबाला लवकर कळणार नाही. फौजेवर तर बाबूराव लढत होतेच, आता हल्ला थेट सरकारच्या कामावर झाला.

ही गोष्ट पोरांना सांगताना गाळू नये. मेलेली दोन माणसं लढाईवर आलेली नव्हती, कामावर आलेली होती. युद्धात असं होतं, आणि त्याची किंमतही द्यावी लागते. त्या दिवसापासून बाबूराव सरकारच्या लेखी नुसते लुटारू राहिले नाहीत, खुनी ठरले. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद बंडखोर म्हणूनच आहे. आपल्या माणसांनी मात्र त्यांना वीर म्हटलं. दोन्ही बाजूंना घटना एकच दिसत होती, फक्त उभं राहायची जागा वेगळी होती.

गोळीनं नाही, जमिनीच्या भीतीनं

७ मार्च ते २९ एप्रिल, त्रेपन्न दिवस कंपनीची फौज या गड्याला धरू शकली नाही. मग क्रिक्टननं दुसरा मार्ग धरला.

अहेरीची जमीनदारी तेव्हा लक्ष्मीबाई यांच्याकडे होती. (झाशीच्या राणी लक्ष्मीबाई वेगळ्या. त्या याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना पडल्या. नाव सारखं असल्यानं पुष्कळांचा घोटाळा होतो.) बाबूरावाला पकडून द्यावं, नाहीतर तुमचीही जमीनदारी जप्त होईल, असा दबाव अहेरीवर आला असं सांगितलं जातं. जंगलाच्या वाटा फौजेला ठाऊक नव्हत्या, अहेरीच्या माणसांना होत्या. १८ सप्टेंबर १८५८ ला बाबूराव पकडले गेले आणि चांद्याला आणले गेले. जंगोम दल उभं राहिल्याला सहा दिवस कमी एक वर्ष झालं होतं.

पुढचा हिशेबही कागदावर आहे. व्यंकटराव बस्तरात निसटले, पण १८६० मध्ये बस्तरच्या राजानं त्यांना धरून दिलं. जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली. त्यांच्या जप्त झालेल्या अडपल्ली-घोट जमीनदारीतली ६७ गावं बक्षीस म्हणून अहेरीला मिळाली.

हे वाचून लक्ष्मीबाईंना दोन शिव्या देणं सोपं आहे. आपल्याकडे तसं बोललंही जातं. पण जरा थांबून विचार करा. तिकडे शिवपुरीच्या जंगलात हीच रीत पुढच्या वर्षी वापरली गेली. तात्या टोप्यांना इंग्रज महिनोन्महिने पकडू शकले नाहीत. शेवटी १८५९ च्या एप्रिलात त्यांना धरून दिलं ते त्यांच्याच सोबतच्या मानसिंगानं. त्याचीही जहागीर गेलेली होती आणि ती परत मिळायची आशा त्याला लावली होती. म्हणजे सरकारनं ओळखलं होतं, की ज्या माणसाला तलवारीची भीती नाही, त्याच्या शेजाऱ्याला जमिनीची भीती घालावी. जमीन जाईल या धास्तीनं माणूस आपल्या रक्ताच्या माणसाला पारखा होतो. धुऱ्याच्या वितभर जागेवरून सख्ख्या भावांत कोर्टकचेऱ्या होताना आपण रोज पाहतो, मग त्या काळी अख्खी जमीनदारी पणाला लागली असताना काय झालं असेल, ते समजू शकतं. समजून घेणं म्हणजे बरोबर ठरवणं नव्हे. पण नुसत्या शिव्या देऊन आपण त्यातून काही शिकत नाही.

पिंपळ

खटला चालायला फार दिवस लागले नाहीत. पकडल्यापासून तेहेतिसाव्या दिवशी, २१ ऑक्टोबर १८५८ ला फाशी झाली. त्यानंतर अवघ्या अकराव्या दिवशी, १ नोव्हेंबरला, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा देशभर वाचला गेला आणि कंपनीचं राज्य संपलं. जाहीरनाम्यात बंडात सामील झालेल्यांना माफी होती, पण ज्यांच्यावर इंग्रज माणसांच्या खुनाचा आरोप होता त्यांना नव्हती. म्हणजे अकरा दिवस उशीर झाला असता तरी चिंचगुडीमुळे बाबूराव सुटले नसतेच. तरी मनात येतं ते येतंच, ज्या कंपनीशी ते लढले ती त्यांच्यामागून दोन आठवडेसुद्धा टिकली नाही.

फाशीबद्दल लोकांत एक कथा आहे. दोर गळ्यात पडला की तुटायचा, पुन्हा बांधला की पुन्हा तुटायचा. बाबूरावांनी जंगलातलं असं काही खाल्लं होतं की त्यांचं अंग लोखंडासारखं झालं होतं. ही कथा खरी की खोटी, असा वाद घालत बसू नये. ज्या गावांनी आपला पोरगा गमावला, त्यांना तो सहज मेला हे मान्य करवत नव्हतं, एवढं त्यातून कळतं.

त्या वेळच्या धास्तीचं पुढे काय झालं? १८६५ मध्ये आणि मग १८७८ मध्ये जंगलाचे कायदे आले. राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या. जो माणूस काल मालक होता, तो स्वतःच्याच रानात चोर ठरायला लागला. बाबूरावांना ज्याची भीती होती ते त्यांच्यानंतर वीस वर्षांत कायद्यानं झालं. आपल्या निजामी पट्ट्यातही तेच. तिथं पुढं जंगल आणि जमिनीसाठीच कुमराम भीम उभे राहिले आणि १९४० मध्ये जोडेघाटला मारले गेले. दोघांमध्ये ऐंशी वर्षांचं अंतर, मधे फक्त नदी आणि सरहद्द, दुखणं एकच.

आपण काय करायचं

१२ मार्च २००९ ला टपाल खात्यानं बाबूरावांचं तिकीट काढलं. चौकांना नावं दिली जातात, मिरवणुका निघतात. चांगलंच आहे. पण मला गावच्या कारभाऱ्यांना दोन कामं सुचवायची आहेत.

पहिलं काम. जंगोम दलातल्या पाचशे जणांपैकी किती नावं आपल्याला सांगता येतात? लढाईत पडले ते कोण, परत आले ते कोण, कोणाच्या बांध्या पडीक राहिल्या? राजगड, नांदगाव, घोसरी, गढीसुर्ला, सगणापूर, बामनपेठ ही गावं आजही आहेत. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी गाणी आहेत, कथा आहेत, जागांची नावं आहेत. शाळेच्या गुरुजींनी, ग्रामसेवकांनी, पोलीस पाटलांनी मिळून एक दोनशे पानी वही घ्यावी आणि जे ऐकायला मिळेल ते सांगणाऱ्याचं नाव, वय, तारीख घालून लिहून काढावं. सांगणारा गोंडीत बोलत असेल तर गोंडीतच लिहावं. खरं-खोटं नंतर पाहता येईल. माणूस गेला की मात्र काहीच पाहता येत नाही. पिकाची आणेवारी आपण दरवर्षी लिहितो, हे एकदाच लिहायचं आहे.

दुसरं काम कागदाचं. बाबूरावांच्या काळी हक्क होता, पण कागद नव्हता. आज कायदा आहे. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वन हक्क कायदा. त्याच्या आधारानं धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. बांबू तोडायचा कधी आणि विकायचा कसा हे आता तिथली ग्रामसभा ठरवते. त्यासाठी कोणाला मारावं लागलं नाही आणि कोणाला मरावं लागलं नाही. ग्रामसभेचे ठराव, नकाशे, म्हाताऱ्यांचे जबाब, निस्तारपत्रकाच्या नकला एवढं जमवावं लागलं. ज्या गावांचे दावे अजून अर्धवट पडून आहेत, त्यांच्या वन हक्क समितीनं या २१ ऑक्टोबरच्या सभेत हार घालून झाल्यावर ती फाईल बाहेर काढावी, काय कमी आहे ते वाचून दाखवावं आणि कोण कधी आणणार ते तिथंच ठरवावं.

आणि एक. वैयक्तिक पट्टा मिळाला तर शेजाऱ्याचं काय, आपल्याला आधी, त्याला मागून, असं होऊ देऊ नका. १८५८ मध्ये गावागावांत, घराघरांत फूट पडली ती इथंच पडली. बाबूरावांना फौज हरवू शकली नव्हती.

त्या कॉलेजच्या पोट्ट्याला मी पुन्हा भेटलो तेव्हा हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या पाचशे जणांत आपल्या बाजूचं कोणी होतं का? मला उत्तर देता आलं नाही. आता तो आपल्या आजीकडून ऐकून वहीत उतरवून घेतोय. वीस पानं झाली म्हणतो.